उन्हाचा मान

“सूनबाईला अजून रंगाचा हात दिलेला नाही ना? मग झालं तर. यंदा गल्लीचं ऊन तिच्यावरच ठेवू,” असं आप्पा झोपे आपल्या बायकोला म्हणाले. हे बोलणं मयुराच्या कानांसाठी नव्हतं. ती ताकाचा तांब्या घेऊन दाराआड उभी होती, इतकंच.

तांब्यातलं ताक थोडं हिंदकळलं. मग तिनं पदर सारखा केला, आत गेली आणि सासऱ्यांना ताक दिलं. आप्पांनी दोन घोट घेतले आणि जिरं छान भाजलंयस म्हणाले. ज्या माणसानं आत्ताच अख्ख्या गल्लीचं ऊन आपल्या डोक्यावर ठेवायचं ठरवलं, तोच जिऱ्याचं कौतुक करतो, यावर काय बोलावं ते तिला सुचेना. तशी लग्न होऊन या घरात आल्यापासून ती फारसं काही बोललीच नव्हती, आणि सगळ्यांनी तो तिचा स्वभाव ठरवून टाकला होता.

तापीकाठच्या बोरगव्हाणात ऊन परतवणाऱ्या रंगाला साधं नाव आहे, परतीचा रंग. गच्चीला दोन हात दिले की ऊन स्लॅबमध्ये शिरत नाही, आलं तसं माघारी जातं आणि खालच्या खोलीत माणूस दुपारी चादर मागतो. हा रंग आप्पांच्याच कारखान्यात तयार होतो. सुरुवातीला सगळ्यांनी हौसेनं गच्च्या पांढऱ्याशुभ्र करून घेतल्या. परत पाठवलेलं ऊन कुठं जातं, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. ते वर जातं अशी समजूत होती. ते वर गेलंही, पण तिथं त्याला कुणी ठेवून घेतलं नाही. ते खाली आलं आणि दार शोधत गल्लीतून हिंडायला लागलं. एका वर्षी ते पोस्टाच्या पेटीत जाऊन बसलं, तर आतली पत्रं पापडासारखी भाजून निघाली. पुढच्या वर्षी ते मारुतीच्या देवळातल्या घंटेत शिरलं आणि लोक हाताला फडकं गुंडाळून घंटा वाजवू लागले.

दुसरी अडचण बायकांची. गच्च्या गार पडल्यावर बिबडे वाळेनात. ज्वारीचं पीठ शिजवून, थापून, कापडावर घातलेले बिबडे दोन-दोन दिवस ओलेच, आणि मग बुरशी. कुरडयांची तीच गत. उन्हाळा ऐन भरात आणि गल्लीत एक पापड वाळत नाही, ही काही अब्रूची गोष्ट नव्हती.

तेव्हा टिकाराम नाना फिरके यांनी तोड काढली. नाना गल्लीतले सगळ्यांत वडील. पोळ्याला पहिला बैल कुणाचा आणि होळीला पहिला निवद कुणाचा हे तेच सांगतात. त्यांनी सांगितलं की दर वर्षी गल्लीतल्या एका घरानं गच्ची खरवडून काळी करायची आणि साऱ्या गल्लीचं ऊन घरात घ्यायचं. याला ओझं म्हणायचं नाही, मान म्हणायचं. ज्याच्याकडे मान असेल त्याला नारळ, टोपी-उपरणं, घरच्या बाईला साडी. बायकांनी आपापलं वाळवण त्याच्या गच्चीवर न्यायचं. चैत्री पौर्णिमेला ऊन घ्यायचं आणि मृग लागला की सोडून द्यायचं. तेव्हापासून हे बिनबोभाट चाललं होतं. हिंडतं ऊन अंगावर बसू नये म्हणून माणसांनाही रंगाचा हात देऊ लागले ते त्याच सुमाराला. तो बिनरंगी असतो. पाडव्याची अंघोळ झाली की घरातलं वडीलधारं माणूस प्रत्येकाच्या टाळूवर, खांद्यांवर आणि तळपायांना ब्रश फिरवतं, मग कडुलिंबाची चटणी खायची आणि गुढी उभारायची.

या पाडव्याला मयुराही पदर खाली घेऊन रांगेत बसली होती. सासूबाईंनी तिच्यापाशी येऊन ब्रश डब्यात बुडवला आणि झाकण लावलं. नवीन सुनेला पहिल्या वर्षी नसतो म्हणाल्या. तुझी कांती छान आहे गं, कशाला झाकायची, असंही म्हणाल्या. मयुराला ते मायेचं वाटलं होतं. तिनं माहेरी फोन करून आईला कौतुकानं सांगितलंही होतं.

आता दाराआडून ऐकल्यावर तिला एकेक आठवायला लागलं. कांदेपोह्यांच्या दिवशी बाकीच्यांनी तिला शिक्षण, स्वयंपाक, आवडनिवड विचारली होती. आप्पांनी एकच विचारलं होतं, उन्हाचा त्रास होतो का? ती मोठ्या ऐटीत नाही म्हणाली होती. मग आप्पा म्हणाले, एक फोटो काढू, अंगणात चल. भर दुपारी तिला अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि सगळे ओसरीच्या सावलीत बसून चहा पीत राहिले. फोटोला फार वेळ लागला. तो फोटो नंतर कधी कुणी दाखवला नाही.

सकाळी तिनं नवऱ्याला गाठलं. भूषण अंगणात गाडी पुसत होता. तिनं हळूच विचारलं, आप्पा म्हणतात ते खरं का? त्यानं फडकं पिळलं.

“तुला विचारूनच केलंय ना सगळं,” तो म्हणाला. “तू नाही म्हणाली होतीस.”

“कशाला नाही म्हणाले?”

“त्रास होतो का, तर नाही म्हणालीस. सगळ्यांसमोर.” मग तो थोडा वरमला आणि मृगापर्यंतच असतं गं, म्हणाला, आणि आरसा पुसायला लागला. आरशात त्याला ती दिसत होती, पण पुसण्याचं काम बारीक होतं.

घडलं होतं ते भूषणकडून तिला एकेक करत कळलं, ते असं. यंदा मान झोप्यांकडे आला होता. गेल्या साली तो भोळ्यांकडे होता आणि मृग लागेपर्यंत त्यांच्या स्लॅबला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती, तुळस वृंदावनासकट वाळली होती. बिबडे मात्र असे खुसखुशीत झाले होते की अजून नाव निघतं. आप्पांना मान हवा होता, चीर नको होती. कारखान्यात त्यांनी लोखंड आणि क्रोमियमची भुकटी भट्टीत भाजून एक नवीन रंग केला होता. दिसायला काळाकुट्ट, आणि उन्हातलं जे डोळ्यांना दिसत नाही ते सगळं परत पाठवणारा. पांढऱ्याचं काम करणारा काळा. तो त्यांनी गच्चीला दिला आणि गल्लीला डांबर म्हणून सांगितलं. फक्त एक गोष्ट राहत होती. मान घेतलेल्या घरातून ऊन माघारी गेलं तर ते पुन्हा गल्लीत हिंडणार आणि नानांना कळणार. ते घरातच कशावर तरी टेकायला हवं होतं. घरातल्या भिंती, माणसं, दारं, सगळ्यांना हात दिलेला. म्हणून मुलाचं लग्न.

हे कळल्यावर मयुरा न्हाणीघरात जाऊन थोडा वेळ बसली. मुलाचं लग्न माणसं वंशासाठी करतात, चार भाकरी जास्त भाजायला करतात, हे तिनं ऐकलं होतं. स्लॅब वाचवायला करतात हे तिला नवीन होतं.

पौर्णिमेला सासूबाईंनी तिला संक्रांतीची काळी चंद्रकळा नेसायला लावली. पहिल्या संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांखाली हीच नेसून तिनं वाण लुटलं होतं. काळ्यावर लवकर बसतं, सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्या निऱ्या खाली बसून नीट करून दिल्या. त्यांचे हात प्रेमळच होते. हेच मयुराला जास्त भयंकर वाटलं.

गल्ली गच्चीवर जमली. नानांनी आप्पांना टोपी घातली, उपरणं दिलं. बारा वाजता ऊन आलं. ते गल्लीतून येताना डांबरी रस्त्यावर पाणी पसरल्यासारखं दिसतं, तसं दिसलं. मग ते जिन्यानं वर आलं. काळ्या गच्चीवर ते आपलं म्हणून टेकायला गेलं आणि उभंच राहिलं, जसा एखादा माणूस ओळखीच्या घरी जावा आणि आतून कुणी बस म्हणू नये. त्यानं आप्पांकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, भूषणकडे पाहिलं. शेवटी ते मयुरासमोर आलं.

घेणाऱ्यानं तोंडानं ‘घेतलं’ म्हणायचं असतं. मयुरानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात आप्पा तिच्या मागून खणखणीत आवाजात “घेतलं” म्हणाले, आणि ऊन तिच्या खांद्यांवर बसलं. काळ्या साडीवर ते दिसेनासं झालं, आणि ते गच्चीतच मुरलं असं गल्ली धरून चालली.

ते जाळत नव्हतं. ते नुसतं असायचं. झोपलेलं मूल खांद्यावर जड होतं तसं, पण मूल कधीतरी उठतं. तिच्या हातातल्या लाखेच्या बांगड्या मऊ होऊन मनगटाला चिकटल्या. सासूबाईंनी हौसेनं माळलेला गजरा दुपारपर्यंत तांबूस झाला आणि त्याला भाजक्या शेंगदाण्यासारखा वास येऊ लागला. डोक्यावर पाणी घ्यावं तर ते वाटेतच वाळायचं. भूषण बैठकीच्या खोलीत झोपायला गेला. जाताना त्यानं पाण्याचा माठ तिच्या खोलीत ठेवला, यावरून तो वाईट माणूस नाही हे कुणाच्याही लक्षात आलं असतं.

बिंग फुटलं ते बिबड्यांनी. बायकांनी झोप्यांच्या गच्चीवर कापडं अंथरून बिबडे घातले आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तर ओलेच. भोळ्यांच्या ज्योतीवहिनीनं एक उचलून पाहिला, तो तिच्या बोटांवर लोंबला.

“माय वं,” ती म्हणाली, “हे तर थापल्यासारखंच आहे अजून.”

नानांना बोलावणं गेलं. ते आले, चप्पल काढली आणि भर बाराला काळ्या गच्चीवर अनवाणी पाऊल ठेवलं. मग दुसरंही ठेवलं. नाना बराच वेळ तसेच उभे राहिले, कारण त्यांच्या पायांना गार वाटत होतं.

“मुरलीधर, हे डांबर नाही,” ते आप्पांना म्हणाले.

आप्पांनी मान्य केलं. डांबर नाही, पण काळं आहे. गच्ची काळी करायची एवढंच ठरलं होतं, कशानं ते ठरलं नव्हतं. नानांनी विचार केला आणि हे खरं असल्याचं सांगितलं. मग ऊन कुठं आहे, असं विचारलं. आप्पांनी मयुराकडे बोट केलं. ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती आणि तिच्याजवळच्या पायरीवर कुणाचेतरी चार बिबडे होते. ते कडक वाळून कडेनं वर उचलले होते.

“मान घराला दिला होता,” नाना म्हणाले. “माणसाला नाही.”

“सून घराचीच की.”

“तांदळात नाव लिहिलं होतं का हिचं?”

“ताटभर तांदूळ होते, नाना. तुम्ही होतात पंगतीला.”

नानांना पंगत आठवली. सून घराची हा मुद्दा त्यांना बिनतोड वाटला. मयुरा हे ऐकत होती. नाना आता रागावतील, निदान एवढं तरी म्हणतील की अरे पोरीला विचारलं होतं का, अशी तिला आशा होती. नानांनी पायरीवरचा बिबडा उचलला, मोडला आणि तोंडात टाकला. गच्चीवर सगळे त्यांच्या जबड्याकडे पाहत राहिले.

“भोळ्यांकडच्यापेक्षा बरा झालाय,” नाना म्हणाले. ज्योतीवहिनीचं तोंड उतरलं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीच्या लक्षात आलं की यात सोय आहे. गच्चीवरचं ऊन एका जागी असायचं, जिने चढून पिठाचे डबे न्यावे लागायचे. सुनेवरचं ऊन चालत येतं. दारात उभं राहून हाक मारली की झालं. सकाळी फिरक्यांकडे कुरडया, दुपारी बऱ्हाट्यांकडे गहू, मग भोळ्यांकडे मिरच्या. मयुरा खाटांच्या मधून एकदा इकडून तिकडे चालायची आणि मागं सगळं खडखडीत. बायका तिच्याशी आदरानं वागत, लांबून. तिला बसायला लोखंडी खुर्ची ठेवत, कारण प्लास्टिकची एक वाकली होती. कुणी तिला काही कमी पडू दिलं नाही. कुणी तिला, तुला कसं वाटतं, असंही विचारलं नाही. ऊन कसं आहे ते विचारायचे.

मग नाना एका दुपारी ओसरीवर आले आणि त्यांनी आप्पांना आपला विचार सांगितला. दर वर्षी नवीन घर शोधा, गच्ची खरवडा, स्लॅबला चिरा पाडा, या सगळ्याचं आता कारण उरलेलं नाही. मान कायमचा झोप्यांकडेच राहू द्यावा. सूनबाई तरुण आहे, निरोगी आहे. आप्पांचा ऊर भरून आला. मयुरा आत भाकरी थापत होती. तवा चुलीवर नव्हताच, तिच्या गुडघ्यावर होता. कायमचा हा शब्द ऐकला आणि तिच्या हातातली भाकरी अर्धवटच राहिली. म्हणजे पुढच्या पाडव्याला रंगाचा हात नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. म्हणजे मूल झालं तर ते कुठं ठेवायचं? हा विचार तिच्या मनात आला आणि तिला या घरात पहिल्यांदा थंडी वाजली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी तिचा थोरला भाऊ किशोर तिला माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून आला. तिचं माहेर सातपुड्याच्या कुशीत. तिथं भर उन्हाळ्यातही पहाटे गोधडी लागते, आणि आखाजीला सगळ्या लेकी येऊन निंबाच्या झोक्यावर बसतात. किशोरनं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. त्यानं तळहाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग सगळ्यांकडे. चहा झाल्यावर त्याला सारं नीट सांगण्यात आलं. त्यानं कप खाली ठेवला आणि तो उठला.

“घेऊन जातो तिला,” तो एवढंच म्हणाला.

इथं पेच पडला. आप्पांनी नानांना बोलावून घेतलं, त्यांच्या मागोमाग निम्मी गल्ली ओसरीवर आली. नानांनी सांगितलं, उन्हाचा मान गल्लीच्या बाहेर जात नाही. किशोरनं सांगितलं, आखाजीला लेक अडवत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आखाजीला लेक अडवल्याचं तापीच्या दोन्ही काठांना कुणी ऐकलं नव्हतं, आणि बऱ्हाट्यांच्या गव्हाची अजून दोन पोती ओली होती.

“सूनबाईनं जावं,” बराच विचार करून नाना म्हणाले. “ऊन इथं ठेवून जावं.”

हे सगळ्यांना पटलं. प्रश्न कुणावर ठेवायचं एवढाच राहिला. गल्लीत हात न दिलेलं कोण आहे याचा शोध सुरू झाला. ज्योतीवहिनीचं तान्हं बाळ? त्याला बारशालाच दिला होता. देवळापुढचा कुत्रा? पाडव्याला उरलेला रंग पोरांनी त्याला फासला होता. गोठ्यातली वासरं, मारुतीचा शेंदूर, पाण्याची टाकी, सगळं झालेलं. भूषण आपल्या खांद्याकडे पाहत होता, जणू तिथं काही सुटलंय का. सुटलेलं नव्हतं. आप्पांचं काम पक्कं असतं.

तेव्हा नाना बऱ्हाट्यांकडे वळले. “तुमच्या वसंताचं जमत होतं ना कुठं?”

बऱ्हाटे म्हणाले, मुलगी पाहिलीय, यावलकडची आहे. गोरी आहे, बारावी झालीय. पसंतीचं कळवायचं राहिलंय.

“मग कळवा. मुहूर्त अलीकडे घेऊ. उद्याचीच आखाजी साडेतीन मुहूर्तांतली आहे, पंचांगही बघायला नको.” नानांनी हिशेब जुळल्यासारखी मान हलवली. “तेवढं एक विचारून घ्या, तिला उन्हाचा त्रास होतो का.”

ओसरीवर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सासूबाई उठून साखर आणायला निघाल्या. कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही हे मयुरानं एकेका चेहऱ्यावर पाहिलं. भूषणच्या चेहऱ्यावर तर आभार होते. ती खुर्चीवरून उठली आणि ओसरीच्या मधोमध आली. माणसं सवयीनं मागं सरली. या घरात येऊन तिनं कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही की ती बोलते आहे.

“नवीन पोरगी आणायचं कारण नाही,” मयुरा म्हणाली. “लावलेला रंग निघतो. मान वयानं नानांचा, आणि यंदाच्या पाळीनं आप्पांचा. आधी कुणाला खरवडायचं तेवढं तुम्ही आपसात ठरवा, मी कारखान्यातून तारेचा ब्रश घेऊन येते.”